भुलीतल्या बाईची परवानगी आदल्या संध्याकाळी घ्यायची असते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायची आहे, ऑपरेशन मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ठरलंय, आणि संमतीपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात 'शैक्षणिक कारणासाठी विद्यार्थी उपस्थित राहू शकतील' असं एक वाक्य आहे. भूल दिल्यावर विद्यार्थी आईंना आतून तपासतील का, आणि हे आधी विचारलं तर डॉक्टर रागावतील का, हे तुम्हाला हवंय. भाऊ म्हणतो, "तिला कळणारच नाही, मग बिघडलं काय?"

मी भूलतज्ज्ञ आहे. 31 वर्षं भूल दिली, त्यातली बरीचशी गायनॅकच्या, म्हणजे स्त्रीरोग विभागाच्या, ऑपरेशन थिएटरात (आम्ही त्याला ओटी म्हणतो), शिकवणाऱ्या रुग्णालयांतच. भावाच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तरुणपणी हेच वाक्य मी स्वतःची समजूत घालायला वापरत होते.

रेसिडेन्सीचं, म्हणजे रुग्णालयात राबत भूलशास्त्र शिकण्याचं, पहिलं वर्ष होतं. टेबलावर पंचेचाळिशीची बाई, कित्येक महिने अंगावर जाऊन पांढरीफटक पडलेली. हातात हिरव्या बांगड्या. त्या उतरवायला ती काही केल्या तयार होईना, म्हणून सिस्टरांनी मनगटाशी पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्या बसवून टाकल्या होत्या. मी भूल दिली, नळी घातली. स्नायू सैल पडले. पाय वर बांधले. सरांनी तपासलं, मग लेक्चररनी. मग सर मागे उभ्या असलेल्या मुलांकडे वळून म्हणाले, "या, एकेक जण. पोट इतकं सैल आहे, ओपीडीत असं कधी मिळायचं नाही." पाच जणांनी हातमोजे चढवले. माझं बोट तिच्या नाडीवर होतं. चौथ्या मुलाच्या वेळी 84 ची नाडी 100 वर गेली. मी शिकवल्याप्रमाणे भूल थोडी वाढवली. पाचव्याचं झालं तशी सिस्टरांनी कुणालाही न विचारता हिरवी चादर तिच्या गुडघ्यांवरून खाली ओढली. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी राउंडला तिने माझा हात धरला. "बाई, मला काही म्हणजे काही कळलं नाही बघा. झोपच लागली. समदं नीट झालं नव्हं?" मी हो म्हटलं. ऑपरेशन नीटच झालं होतं. पण आदल्या दिवशीचं सगळं तिला सांगता येईल का, असं मनात आलं आणि मी मान खाली घालून पुढच्या खाटेकडे गेले.

म्हणून भावाला एवढंच विचारा: जे केलं ते आईला शुद्धीवर आल्यावर सांगायची तयारी आहे का? तिला कळलं नाही हे खरं. पण तिला कळू नये अशी व्यवस्था मी केली होती, औषध देऊन, आणि ती तिने मला ऑपरेशनसाठी करू दिली होती. त्या दोन तासांत तिला नाही म्हणता येत नव्हतं, हात बाजूला करता येत नव्हता, लुगडं सावरता येत नव्हतं. हे सगळं तिने विश्वासाने आमच्या हवाली केलेलं असतं, आणि ते एका ठरलेल्या कामापुरतं असतं.

दुसरं उदाहरण द्या त्याला. मेंदू मृत झालेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. त्याला आता कधीच काही कळणार नाही. तरी 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात, आणि त्यानंतरही नातेवाइकांची लेखी संमती मिळाल्याशिवाय अवयव काढता येत नाही. ज्याला पुन्हा जाग येणार नाही त्याच्यासाठी आपण इतकं थांबतो. आणि जी बाई दुपारपर्यंत शुद्धीवर येऊन चहा मागणार आहे, तिला आदल्या दिवशी एक प्रश्न विचारायला आम्हाला वेळ नसतो? हे मला अजूनही पटवून घेता आलेलं नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो आणि उगाच भीती बसते. भूल दिल्यावर ऑपरेशन करणारे डॉक्टर आतून तपासतात, ती उपचाराचीच पायरी आहे. बाई जागी असताना पोट आखडलेलं असतं, दुखतं, नीट अंदाज येत नाही. सैल पडल्यावर गर्भाशय केवढं आहे, हलतंय की चिकटलंय, बाजूला गाठ आहे का, हे हाताला कळतं आणि कधीकधी ऑपरेशन खालून करायचं की पोटावरून, हेही तेव्हाच पक्कं होतं. ऑपरेशनला हात लावणारी रेसिडेंट मुलगी तपासत असेल तर तीही आईंवर उपचार करणाऱ्यांपैकीच आहे. या तपासणीला आईंनी नकार देऊ नये. विद्यार्थी मागे उभे राहून बघतात, त्यातही मला फारसं वावगं वाटत नाही, फक्त ते असणार हे आईंना माहीत हवं.

प्रश्न येतो तो त्यानंतरच्या हातांचा. ज्या तपासणीने आईंच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, जी फक्त शिकणाऱ्याच्या बोटांसाठी आहे, तिला वेगळी परवानगी लागते. संमतीपत्रावरचं 'उपस्थित राहू शकतील' हे वाक्य ती परवानगी देत नाही. उपस्थित राहणं म्हणजे उभं राहणं.

तुमच्या आईंच्या कॉलेजात असं होतं का, ते मी सांगू शकत नाही. युनिटप्रमाणे फरक पडतो, युनिटच्या प्रमुखाप्रमाणे तर फारच. मी अशा मॅडमबरोबरही काम केलंय ज्या आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन स्वतः विचारायच्या आणि बाई नाही म्हणाली तर ओटीत दारापाशीच सांगायच्या, "आज इथे कुणी हात लावायचा नाही." हा प्रश्न फक्त आपल्याकडचाही नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलची चौकशी झाली. न्यायाधीश सिल्विया कार्टराइट यांच्या 1988 च्या अहवालात भुलीतल्या बायकांना न विचारता विद्यार्थ्यांकडून तपासून घेतल्याचं बाहेर आलं, आणि पुढे तिथे रुग्णहक्कांची संहिताच आली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पाच मेडिकल कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची एक पाहणी 2003 मध्ये छापून आली. 90 टक्के मुलांनी भुलीतल्या बाईची अशी तपासणी केलेली होती. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली: ज्यांची गायनॅकची टर्म झाली होती, त्यांना परवानगी घेणं कमी महत्त्वाचं वाटत होतं. टर्म न केलेल्यांना जास्त. म्हणजे मुलं येताना संकोच घेऊन येतात आणि आम्ही तो शिकवता शिकवता घालवतो. माझा तसाच गेला होता. अमेरिकेत एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने अखेर रुग्णालयांना बजावलं की अशा तपासणीआधी रुग्णाची संमती घ्यावीच लागेल.

आपल्याकडे आधार हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 16 जानेवारी 2008 चा निकाल आहे, समीरा कोहली प्रकरण म्हणून आम्हा डॉक्टरांना तो पाठ असायला हवा. 44 वर्षांची अविवाहित स्त्री 1995 मध्ये दिल्लीत दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली. पूर्ण भूल दिलेली होती. आत डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय, अंडाशय काढणं बरं. बाहेर आई बसली होती, तिची संमती घेतली आणि सगळं काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती होत नाही. रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, जिवावर बेतलेलं नाही, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवं होतं. आईची सही चालणार नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हे न्यायालयाने मानलं, तरी फी बुडाली आणि 25,000 रुपये भरपाई द्यावी लागली. उपचारासाठीसुद्धा जिथे थांबायला सांगितलंय, तिथे शिकवण्यासाठी न थांबण्याचं समर्थन कसं करणार?

या निकालातून तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट निघते. पिशवी काढताना अंडाशय ठेवायची की काढायची, हा प्रश्न आईंसमोर आजच बसून सोडवा. ऑपरेशन चालू असताना कुणी बाहेर येऊन तुमच्यापुढे कागद धरला तर सही करण्याआधी विचारा, "आत्ता हे केलं नाही तर जिवाला धोका आहे का?" असेल तर वेळ घालवू नका. नसेल तर आईंना जाग येऊ द्या.

आणखी एक बारकावा, जो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. पिशवीची पुष्कळ ऑपरेशनं पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन देऊन करतात. कमरेखालचं बधिर होतं, पण बाई जागी असते. तिला कात्रीचा आवाज ऐकू येतो, कोण काय बोलतंय ते समजतं. घाबरू नये म्हणून आम्ही थोडं मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध देतो. त्या औषधाची गंमत अशी की माणूस विचारलं तर उत्तर देतो, मानही हलवतो, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. त्या अवस्थेत "मावशी, ही मुलं तपासतील हं" असं म्हणून मिळवलेला हो मी कधीच हो धरला नाही. टेबलावर झोपलेल्या, सलाईन लागलेल्या बाईला नाही म्हणण्याची मोकळीक उरलेली नसते. विचारायचं ते आदल्या संध्याकाळी, ती आपल्या खाटेवर आपल्या साडीत बसलेली असताना.

"मग मुलांनी शिकायचं कसं?" हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल, आणि तो प्रश्न खरा आहे. ज्या डॉक्टरला गाठ हाताला कळत नाही, तिच्या हातून उद्या कुणाचा तरी कॅन्सर निसटेल. मला स्वतःला शिकवायला आवडायचं. पण माझा अनुभव सांगते. पुढे मी आदल्या संध्याकाळी भुलीची तपासणी करायला जायचे तेव्हाच विचारायला लागले, "मावशी, उद्या तुम्ही झोपेत असताना आमची एक शिकणारी मुलगी तुम्हाला आतून तपासेल. तुमच्या उपचारासाठी नाही, तिला शिकण्यासाठी. चालेल का? नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल." एकदा एक आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकल्याबिगर ती डॉक्टरीण कशी व्हायची? येऊ दे एक पोरगी. पर पोरं नकोत, बाई." दुसऱ्या दिवशी जी मुलगी तपासायला आली तिला मी आधी आजींचं नाव सांगितलं आणि त्या काय म्हणाल्या तेही सांगितलं. तिने ज्या हलक्या हाताने तपासलं, तसं मी त्या रांगेत कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक बायका हो म्हणतात. ज्या नाही म्हणतात त्यांच्यावाचून शिक्षण अडल्याचं मी तरी पाहिलं नाही. आपल्याकडे एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात मुलांसाठी स्किल लॅब आहे, पुतळ्यांवर हात बसवून घेता येतो, आणि नीतिमत्ता व संवाद हा वेगळा भागही शिकवायचा आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून काही स्त्रिया रीतसर मानधन घेऊन, जागेपणी, स्वतःच्या शरीरावर विद्यार्थ्यांना तपासणी शिकवत आल्या आहेत. "असं दाबलंस तर दुखतं" हे त्या सांगू शकतात. भुलीतली बाई ते सांगू शकत नाही, म्हणून तिच्यावर हळुवारपणा शिकता येतच नाही.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की या रांगा पैसे भरून स्पेशल रूममध्ये झोपलेल्या बाईसमोर लागत नाहीत. त्या जनरल वॉर्डातल्या, केसपेपरवर अंगठा उठवणाऱ्या, शिबिराच्या गाडीतून आलेल्या बाईसमोर लागतात. "फुकट उपचार मिळतोय" हे कुणी तोंडाने म्हणत नाही, पण मनात ते असतं. सरकारी दवाखाना तिच्याही कराच्या पैशावर चालतो. आणि चालत नसता तरी उपचाराची किंमत म्हणून शरीर मागायचा हक्क कुणाला आहे?

तर करायचं काय. सही आईंनी स्वतः करायची, तुम्ही किंवा भावाने नाही. सहीच्या वर मोकळ्या जागेत आईंच्या हस्ताक्षरात, मराठीत, लिहून टाका: "माझ्या उपचारासाठी लागणारी तपासणी करावी. केवळ शिकवण्यासाठी आतून तपासणी, फोटो किंवा चित्रीकरण करण्यास माझी संमती नाही." आईंची हरकत नसेल तर "एका विद्यार्थिनीस संमती आहे" असं लिहा, आकडा घालून. फोटोचं आवर्जून लिहा, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद काढली आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री तिथे हजर हवी, हा हक्क त्यात आहे, तोही मागा. डॉक्टर रागावतील का? एखादा रेसिडेंट कपाळाला आठ्या घालेल, 36 तासांच्या ड्युटीवर असेल बिचारा. त्याच्याशी वाद घालू नका, युनिटच्या मॅडमना किंवा सरांना राउंडच्या वेळी शांतपणे सांगा. आणि ऑपरेशन पुढे ढकलू नका. रक्त कमी होत चाललंय असं तुम्ही लिहिलंय, त्याची काळजी आधी.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ आईंना बघायला येतील. दात हलतात का, दमा आहे का, आधी कधी भूल दिली होती का, असं विचारतील. त्यांचं विचारून झालं की आईंनाच बोलू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. ओटीचं दार बंद झाल्यावर आईंच्या उशाशी पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच असतात.