आठवी-नववीची मुलं मागे गप्पच बसतात

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला शिकवते. गावच्या शाळेने चंद्रयानावर बोलायला बोलावलंय, पाचवी ते नववी सगळे एकाच हॉलमध्ये. अशा कार्यक्रमात लहान मुलं दहा मिनिटांत चुळबुळ करायला लागतात आणि मोठी मागे गप्प बसून राहतात. चाळीस स्लाइड्स तयार आहेत पण धाकधूक वाटतेय. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, स्लाइड्स जरा बाजूला ठेवा. एक फुटबॉल, एक टेनिस बॉल आणि सुतळीचा गुंडा घेऊन जा.

फुटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिस बॉल म्हणजे चंद्र, मापं साधारण जुळतात. दोन मुलांच्या हातात ते द्या आणि बाकीच्यांना विचारा, चंद्राने कुठे उभं राहायचं? बहुतेक जण हातभर अंतरावरच थांबवतील, कारण पुस्तकातल्या चित्रात पानावर मावावं म्हणून दोघांना जवळजवळच काढलेलं असतं. सगळ्यांनी अंदाज सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एकदा "मी म्हणतो इथे" असं बोलून झालं की उत्तर काय येतंय ते बघायला पोरं स्वतःच टपून बसतात. मग सुतळी फुटबॉलभोवती साडेनऊ वेळा गुंडाळा, सोडा आणि ताणून धरा. साधारण साडेसहा मीटर होते, चंद्रवाला पोरगा चालत चालत तुमच्या त्या मागच्या मुलांपर्यंत पोचेल! ३ लाख ८४ हजार किलोमीटर हा आकडा तेव्हा सांगा, आधी नाही. आणि अंतराळ स्थानक कुठे? साधारण ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे या फुटबॉलपासून जेमतेम ७ मिलिमीटर. यावर मोठी पोरंसुद्धा चकित होतात.

मोठ्यांना मात्र नुसती गंमत पुरत नाही, त्यांना वाद घालायला काहीतरी द्या. अपोलो-११ १९६९ मध्ये चार दिवसांत चंद्रावर उतरलं, आणि चंद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघून २३ ऑगस्टला, असं का? तीन-चार जणांचे गट करून पाच मिनिटं भांडू द्या. मग सांगा की अपोलोकडे सॅटर्न-५ सारखं अवाढव्य रॉकेट होतं, आपण लहान रॉकेट वापरून पृथ्वीभोवती फिरता फिरता थोडं थोडं इंजिन चालवून कक्षा लांबवत नेली आणि मग चंद्राकडे वळलो. 'कक्षा' हा शब्दही इथेच येऊ द्या, सुरुवातीला व्याख्या लिहून दिली की अर्धा हॉल गेलाच समजा.

शाळेला आधीच विचारून घ्या, कमी ऐकू येणारं किंवा कमी दिसणारं कोणी आहे का. एकाला पुढे बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, दुसऱ्याच्या हातात सुतळी द्या, ती धरून तो स्वतः चंद्रापर्यंत चालत जाईल.

प्रश्नांसाठी हात वर करायला लावू नका हो, नववीतली मुलगी सगळ्यांसमोर नाहीच विचारणार. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. जयंत नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव म्हणायचे आणि उत्तर पाठवायचे, मला ही पद्धत फार फार आवडते. तुम्हीही निम्मा वेळ चिठ्ठ्यांसाठीच ठेवा आणि ज्या उरतील त्या घरी घेऊन जा, उत्तरं लिहून मुख्याध्यापकांकडे पाठवा, नोटीस बोर्डावर लावतील.