बोट समुद्राने अडवली, पैसे कोणी अडवले?

प्रश्न : मी अमळनेरचा निवृत्त मुख्याध्यापक. गेल्या नोव्हेंबरात आम्ही घरचे नऊ जण अंदमानला जाऊन आलो. जळगावच्या एका टूरवाल्याने माणशी 38,500 रुपयांत कोलकात्याहून विमान, हॉटेल, बेटांमधल्या बोटी आणि बेटांवर फिरायला मोठी एसी गाडी असे ठरवले होते. प्रत्यक्षात आली पांढऱ्या नंबरप्लेटची लहान व्हॅन, तीही दोन फेऱ्या करून आम्हाला नेणारी. बाराटांग बेटाच्या सहलीच्या दिवशी ती दीड तास उशिरा आली. जिरकाटांग नाक्यावरून गाड्यांचा ताफा निघून गेला होता, सहल बुडाली. शेवटची रात्र स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर होती. सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठून त्याच दुपारचे विमान पकडायचे होते. हवामान बिघडले, बोट रद्द, विमान चुकले. टूरवाल्याने दिवसभर फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहून सरकारी बोटीची तिकिटे आम्हीच काढली. नवी विमान तिकिटे 81,000 ला पडली, हॉटेलचे 14,400 वेगळे. आता तो म्हणतो, "सर, समुद्र मन्हा हातमा शे का?" आगाऊ रकमेच्या पावतीवर छापले आहे : नैसर्गिक आपत्तीत परतावा नाही, वाद फक्त मुंबई न्यायालयात. बाकी निम्मे पैसे रोख दिले, त्याचे बिलच नाही. माणूस नात्यातला. पोलिसांत जाऊ की सोडून देऊ?

उत्तर : सर, समुद्र त्याच्या हातात नाही हे खरेच आहे. ते पहिल्याच झटक्यात मान्य करून टाका. बोट का सुटली नाही यावर तुम्ही भांडत बसलात तर तो हवामान खात्याचा इशारा पुढे करेल आणि तुमची चांगली केस त्या एका कागदाखाली दबून जाईल. खवळलेल्या समुद्रात बोट न सोडणे हा दोष नाही; सोडली असती तर दोष होता.

पण हवामानाने त्याला माफी मिळते ती नुकसानभरपाईची. न दिलेल्या सेवेचे पैसे खिशात ठेवायची नाही. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कलम 56 आणि कलम 65 लागोपाठ वाचायची असतात. पहिले म्हणते, गोष्ट अशक्य झाली तर करार तिथे संपतो. दुसरे म्हणते, अशा वेळी ज्याने जे घेतले ते परत करावे. टूरवाले पहिले कलम पाठ करून येतात, दुसरे त्यांना कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. हवामानामुळे फेरी रद्द झाली की बोट कंपन्या सहसा तिकिटाचे पैसे परत करतात किंवा पुढची तारीख देतात. तुमची तिकिटे त्याने काढली होती, म्हणजे परतावा आला असेल तर त्याच्याच खात्यात. त्याला पाठवायच्या नोटिशीत सरळ लिहा : नऊ तिकिटांचा परतावा आला का, कधी आला, किती आला? उत्तर टाळले तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे कागद हजर करायला लावण्याचा अर्ज देता येतो; त्यासाठी आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

आता 81,000 चे. हा दावा तुम्ही बोट रद्द झाली या आधारावर उभा कराल तर पडेल. तो उभा करायचा आहे त्या कार्यक्रमपत्रिकेवर, जी त्याने तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली. शेवटची रात्र बेटावर, सकाळी बोट, दुपारी विमान. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ असतो, बोटी बंद राहू शकतात, हे त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायलाच हवे. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवायची असते. त्याने ती ठेवली नाही, आणि ही चूक वादळ येण्याच्या कितीतरी आधी, जळगावच्या ऑफिसात बसून झाली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याला सेवेतील त्रुटी म्हणतो. टूरवाला म्हणेल, कार्यक्रम तुम्ही वाचला होता, होकार दिला होता. अमळनेरच्या माणसाला बोटींचे गणित माहीत नसते, म्हणूनच तर त्याला पैसे दिले, हे तुमचे उत्तर. तरीही आयोग पूर्ण 81,000 देईलच असे मी छातीठोक सांगणार नाही. काही भाग हवामानाच्या खाती टाकला जाऊ शकतो. हॉटेलचा खर्च मात्र माफक आहे आणि दिवसभर फोन न उचलल्याने त्याची बाजू आणखी लंगडी पडते. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट आजच काढा, फोन जुने कॉल ठेवत नाही.

तुमच्या पत्रात सगळ्यात बळकट मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकला आहे : बाराटांग. तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या एकेकट्या सोडत नाहीत. जिरकाटांगच्या नाक्यावर नोंद करून ठरलेल्या वेळी सगळ्या एका ताफ्यात, पोलिसांबरोबर निघतात. वाटेत थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढे मिडल स्ट्रेटला फेरीबोटीने खाडी ओलांडायची, मग लहान बोटीने चुनखडीच्या गुहांकडे. म्हणजे ठरलेल्या ताफ्याची वेळ चुकली की पुढचा सगळा कार्यक्रम कोलमडतो. तिथे व्हॅन चालवणाऱ्याला हे आपल्याकडच्या एसटी ड्रायव्हरला स्टँड सोडायची वेळ माहीत असते तितके माहीत असते. या दिवशी वादळ नव्हते, समुद्र आडवा आला नव्हता. गाडी उशिरा आली, बस्स. तुम्ही हॉटेलच्या पायरीवर उभे राहून ड्रायव्हरला "कुठपर्यंत आलात?" असे मेसेज केले असतील तर ते वेळेसकट जपा. ड्रायव्हर तिथल्या एजंटचा होता म्हणून जबाबदारी तिथल्या एजंटची, हा बचाव चालणार नाही. पैसे ज्याने घेतले, उत्तर त्याने द्यायचे; एजंटकडून वसूल करणे हा त्याचा प्रश्न.

व्हॅनचेही तसेच. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि परवाना लागतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीने प्रवासी नेणे हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे, आणि अपघात झाला असता तर विमा कंपनी हात वर करू शकली असती. घरच्या फोटोंमध्ये मागे कुठेतरी ती नंबरप्लेट आलीच असेल, शोधा.

मुंबई न्यायालयाच्या ओळीला घाबरू नका. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि इथे तर टूरवालाही जळगावचाच. छापील ओळीने हा हक्क जात नाही. मात्र एक पथ्य पाळा : "ही अट अनुचित म्हणून रद्द करा" अशी मागणी जिल्हा आयोगाच्या तक्रारीत घालू नका. अनुचित कराराचे प्रकरण राज्य आयोगाकडे जाते आणि समोरचा वकील तेवढ्यावरून अधिकारक्षेत्राचा वाद काढून तारखा खात बसेल. तुम्ही त्रुटी आणि परतावा एवढेच मागा.

रोख रकमेचे टेन्शन घेऊ नका. बिल न देणे ही त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, म्हणजे बिल नसणे हे तुमच्यापेक्षा त्याच्या विरोधात जाते. पासबुकातली पैसे काढल्याची नोंद आणि त्याच्या "मिळाले" अशा मेसेजने तुमचे काम होईल. मेसेज आणि स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडा.

आधी पंधरा दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने. कायद्याने ती सक्तीची नाही, पण नात्यातल्या माणसाला तेवढी संधी द्यावी. नोटिशीत गावाचे नाव "श्री विजयपुरम, पूर्वीचे पोर्ट ब्लेअर" असे लिहा; सप्टेंबर 2024 मध्ये नाव बदलले, आणि तुमच्या तिकिटांवर एक, पत्रिकेवर दुसरे असे असेल तर उगाच घोळ होतो. मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार. तुम्ही दिलेली रक्कम 3,46,500 आहे, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे घाई नाही, पण आळसही नको. नऊ जणांची एकच तक्रार चालते. समोरच्याला लेखी उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापलीकडे आयोगालाही वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आयुष्यभर शाळेचा पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाला हे जमण्यासारखे आहे.

पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासून फसवायचा हेतू लागतो. त्याने तुम्हाला नेले, हॉटेले दिली, विमानात बसवले. हा ढिसाळपणा आहे, भामटेपणा नव्हे. आणि समाजाच्या ग्रुपवर त्याला चोर म्हणणारा मेसेज लिहून ठेवला असेल तर पुसून टाका, नाहीतर बदनामीची उलटी केस तुमच्यावर यायची.

तडजोडीला बसायची वेळ येईलच, आयोगही मध्यस्थीकडे पाठवू शकतो. बाराटांग, बोटीचे भाडे, गाडीतला फरक आणि हॉटेलचे 14,400 यांत एक रुपया सोडू नका. विमानाच्या 81,000 मध्ये निम्म्यावर तुटत असेल तर माझ्या मते तोडावे. "पुढच्या वर्षी चारधामला सूट देतो" म्हणाला तर नाही म्हणा. पैसे बँक खात्यात आणि कागद सहीचा.

राहिले चुकलेले विमान. त्यात विमान कंपनीचा दोष नाही, तिकिटाचे मूळ भाडे बहुधा गेलेच. पण प्रवासी आलाच नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत करावे लागते, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, स्वस्तातल्या तिकिटांनाही तो लागू आहे. नऊ जणांचे पीएनआर टाकून कंपनीला मेल करा, आणि परतावा टूरवाल्याच्या खात्यात जाणार असेल तर तो आकडाही नोटिशीत घाला.