लंडनला जाताना दहा तास, येताना नऊच? असं का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, डिसेंबरात मुलीकडे लंडनला जायचंय. मोबाईलवर मुंबई ते हीथ्रो अंतर साधारण ७२०० किलोमीटर दाखवतं, विमान म्हणे तासाला ९०० नी जातं, म्हणजे आठ तासात पोचायला पाहिजे ना? मग तिकिटावर जाताना दहा आणि येताना नऊ तास का? दीर म्हणतात पृथ्वी फिरते ना, म्हणून. आणि दुपारी दीडला निघून संध्याकाळी सहाला पोचणार असं लिहिलंय, ते तर साडेचारच तास झाले! हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: ताई, साडेचार तासांचं आधी मिटवू. तिकिटावर निघायची वेळ आपली आणि पोचायची तिकडची असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ पुढे करतात तेव्हा साडेचार), म्हणून दहा तासांचे साडेचार दिसतात. येताना उलटं, रात्री नऊला निघालात तर इथे दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा वाजलेले असणार, तेव्हा न्यायला येणाऱ्याला तारीख नीट सांगा.

आता दीर. त्यांना सांगा की पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याने विमानाचा ना फायदा ना तोटा. खरा खेळ वाऱ्याचा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. समजा वाटेत सरासरी ५० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना तो समोरून येणार, वेग उरला ८५०, म्हणजे साडेआठ तास, आणि येताना पाठीमागून, ९५०, म्हणजे साडेसात तासाच्या थोडंसं वर. झाला ना तासाभराचा फरक!

राहिला वरचा दीडेक तास. ते ७२०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर, त्या रेषेनेच विमान जाईल असं नाही. ती रेष कराचीजवळून, इराण, कॉकेशस, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, पाकिस्तानचं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद झालं, मग वळसा आलाच. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, उतरताना हीथ्रोवर घिरट्या मारणं सगळं धरलेलं, आणि कंपन्या वर थोडा वेळ राखूनही ठेवतात म्हणून उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर टेकतं. दिल्लीचंच बघा ना, ११४० किलोमीटर, गणिताने सव्वा तास, तिकिटावर मात्र दोनच्या वरच.

थोडक्यात अंतर भागिले वेग करत बसू नका, तिकिटावर ‘ड्युरेशन’ लिहिलेलं असतं ते बघा. इमिग्रेशन आणि बॅगा त्यात नाहीत हं, त्याचा वेळ वेगळा धरा.

आणि ठाणेकरांना एक सांगतो, नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळे ‘मुंबई’ शोधलं की दोन्हीकडची विमानं दिसू शकतात. हवेतल्या वेळात काही फरक पडत नाही, पण तुम्ही अंधेरीला जुन्या विमानतळाच्या टी-टूवर (टर्मिनल दोनवर) आणि विमान नवी मुंबईत उलव्याला असं व्हायला नको, तिकिटावर बीओएम (जुनं मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघूनच गाडी सांगा.