'फ्रॅगमेंट' म्हणजे छोटं वाक्य नव्हे

प्रश्न असा आहे: ऑफिसचा मेल लिहिताना 'विच इज व्हाय आय नीड लीव्ह.' या वाक्याखाली कॉम्प्युटर रेघ मारतो आणि 'सेंटेन्स फ्रॅगमेंट' म्हणतो. हे काय असतं आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

आधी एक गैरसमज. 'फ्रॅगमेंट म्हणजे फार छोटं वाक्य' हे मी इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्यांकडूनही ऐकतो आणि दर वेळी चिडतो. लांबीचा इथे काडीचाही संबंध नाही. 'गो.' हे एका शब्दाचं वाक्य पूर्ण आहे, आज्ञार्थात 'यू' गृहीतच असतो. उलट 'ऑल्दो'ने सुरू होऊन चार ओळी चाललेलं आणि मुख्य वाक्यापर्यंत पोचायच्या आतच पूर्णविराम मिळालेलं ते फ्रॅगमेंट.

'वाक्यखंड' हा प्रतिशब्द काही जण सुचवतात. मला तो मुळीच पटत नाही. खंड प्रत्येक वाक्यात असतात, त्यात दोष कसला? आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे: साकांक्ष. 'कांक्ष्' म्हणजे इच्छिणे. ज्या शब्दांना अजून काही हवंय ते साकांक्ष. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या जैमिनीच्या प्राचीन मीमांसासूत्रांत वाक्याची व्याख्याच अशी आहे: 'अर्थैकत्वादेकं वाक्यं साकाङ्क्षं चेद्विभागे स्यात्'. ज्याचा अर्थ एक आणि तोडलं की ज्याचे तुकडे उरलेल्याची वाट पाहत राहतात, ते एक वाक्य. फ्रॅगमेंट ओळखायची याहून नेटकी कसोटी मला कुठल्याही इंग्रजी व्याकरणात दिसलेली नाही!

लावून पाहा. 'आय मिस्ड द मीटिंग. बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' दुसरा तुकडा एकटा मोठ्यानं वाचा. कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी कान 'मग काय झालं?' असं विचारतोच. 'रनिंग डाउन द प्लॅटफॉर्म.' यात तर कर्ताही नाही आणि 'रनिंग' हे नुसतं धातुसाधित. पुढे स्वल्पविराम देऊन 'आय ड्रॉप्ड माय फोन' जोडा, आकांक्षा भागली.

आणि गंमत बघा, 'कॉमा' या शब्दाचाच मूळ अर्थ तुकडा! ग्रीक 'कोप्तेइन' म्हणजे कापणे, 'कोम्मा' म्हणजे कापलेला भाग. वक्तृत्वशास्त्रात ते वाक्याच्या छोट्या तुकड्याचं नाव होतं, चिन्हाला ते नंतर चिकटलं. 'पिरियड', म्हणजे इंग्रजीतला पूर्णविराम, हे आधी अख्ख्या वाक्याचं नाव. त्यातला 'पेरि' म्हणजे आपल्या 'परि'चा सख्खा भाऊ, 'होदोस' म्हणजे वाट. म्हणजे परिक्रमाच की! परिक्रमा पुरी झाली की टिंब. आपण मात्र या चिन्हांना 'विराम' म्हटलं, आणि माझं ठाम मत आहे की घोळ तिथूनच सुरू होतो. 'स्वल्पविरामाला एक मोजा, पूर्णविरामाला दोन' असं शिकलेलं मूल जिथे दम लागेल तिथे टिंब देणार.

'बिकॉजने वाक्य सुरू करायचंच नाही' हा शाळेतला नियम तर साफ चूक आहे. 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द मीटिंग.' यात काय बिघडलं? मराठीत 'मी आलो नाही. कारण पाऊस होता.' बिनदिक्कत चालतं, तीच सवय इंग्रजीत उतरते. तिच्यावर इलाज 'बिकॉज'वर बंदी घालणं हा नव्हे.

तुमच्या वाक्यातल्या 'विच'ला मागचं वाक्य हवंय. मागच्या पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम द्या. नाहीतर 'विच' काढून 'दॅट' घाला: 'दॅट इज व्हाय आय नीड लीव्ह.' हे एकटं उभं राहतं.