रात्री रस्त्यात रोही आला तर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

हरभरा आणि तूर शेतात उभी राहिली की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या रात्रीच्या फेऱ्या वाढतात. त्याच सुमारास जुन्नर-आंबेगावकडे ऊसतोड सुरू होते आणि बिबट्यांचा आसरा मोडतो. उन्हाळ्यात हीच जनावरे पाण्यासाठी रस्ता ओलांडतात. या वेळची बहुतेक पत्रे याच विषयावरची होती. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : नागपूरहून रात्री साडेअकराला परतत होतो. वेग ऐंशीच्या आसपास, दिवे डिपरवर. अचानक समोर रोही आला. स्टिअरिंग डावीकडे ओढले, गाडी साईडपट्टीवरून उतरून शेतात गेली. कुणाला लागले नाही. मित्र म्हणतात, वळवायलाच नको होतेस, सरळ ठोकायचे. खरे काय? – एक वाचक, वरोरा

मित्र कठोर बोलले, पण बरोबर बोलले. तुम्ही वाचलात, कारण पलीकडे सपाट शेत होते. तिथे बाभूळ, मोरीचा कठडा किंवा चार फुटांचा खड्डा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. डावीऐवजी उजवीकडे ओढले असते तर दुभाजक किंवा समोरचा ट्रक. वेगात स्टिअरिंग झटक्याने फिरवले की गाडीचा भार एका बाजूच्या चाकांवर जातो. मग माणूस घाबरून उलट दिशेला ओढतो आणि बहुतेकदा त्या दुसऱ्या झटक्यात गाडी उलटते. उंच एसयूव्हीला तर हे फारच लवकर होते. रोह्याचा नर दोनशे किलोंच्याही वर भरू शकतो, म्हणजे धडक मोठीच. तरी पट्टा लावलेला असेल आणि वेग उतरलेला असेल तर बंपर आणि बोनेट ती बरीचशी झेलतात. झाडाला लागलेली गाडी काही झेलत नाही.

म्हणून करायचे ते असे. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली थरथर जाणवेल, तिला घाबरून पाय उचलू नका. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत चाके घसरू लागली तर पाय किंचित सैल करून पुन्हा दाबा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, आपल्या लेनमध्ये. लेनमधल्या लेनमध्ये थोडे सरकायला जागा असेल तर जनावराच्या शेपटीकडे सरका. ते पुढे पळते, त्यामुळे मागची बाजू मोकळी होण्याची शक्यता जास्त. धडक होईपर्यंत ब्रेक सोडायचा नाही.

आता वेगाचे. दिसले, डोक्यात शिरले आणि पाय ब्रेकवर पोहोचला, यात साधारण दीड सेकंद जातो. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर धरले तर ६० च्या वेगाला गाडी एकूण ४५ मीटरमध्ये थांबते, ८० ला ७०, १०० ला ९८ आणि १२० ला १३० मीटरमध्ये. डिपरच्या उजेडात गडद रंगाचे जनावर ५०-६० मीटरच्या पलीकडे क्वचितच दिसते. समजा ते ६० मीटरवर दिसले. ६० ने येणारा पंधरा मीटर आधीच थांबतो. ८० वाला सुमारे ४० च्या वेगाने धडकतो. १०० वाला ८२ ने! म्हणजे त्याचा ब्रेक लागायला जेमतेम सुरुवात झालेली असते. समृद्धीवर गाडीला १२० ची मुभा आहे, पण रात्री त्या वेगाला डिपरचा उजेड पुरत नाही. समोरून वाहन नसेल तेव्हा अप्पर लावा, आले की डिपर करा आणि डिपरवर असेपर्यंत वेग साठच्या घरात ठेवा. काच आतूनही पुसा. आतल्या तेलकट थराने समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. रोही, चितळ, सांबर, बिबट्या यांचे डोळे दिव्यात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. रानडुकराला तो थर नाही. त्यामुळे डोळ्यांच्या चमकेवर विसंबणाऱ्याला डुक्कर दिसतच नाही, दिसतो तो रस्त्यावर हललेला काळा ठिपका. आणि डुक्कर एकटे क्वचितच असते. मादी पुढे गेली की मागून पिलांची रांग येते. एक ओलांडून गेले म्हणून एक्सिलेटर दाबू नका.

प्रश्न : आंबोली, चंदगड भागात गवे रस्त्यावर उभे असतात. त्यांनाही हाच नियम का? – दोन वाचक

नाही, गव्याला अपवाद आहे. पूर्ण वाढलेला नर आठशे-नऊशे किलोपर्यंत जातो आणि खांद्याशी पावणेसहा फुटांपर्यंत असतो. छोट्या गाडीचे बोनेट त्याच्या पायांना लागते आणि धड काचेवर व छतावर येते. अशा वेळी बंपरचा उपयोग थोडाच. बाजूला खरोखर मोकळी आणि सपाट साईडपट्टी दिसत असेल तर आधी ब्रेक, वेग उतरला की मग वळण, या क्रमाने बाहेर काढा. धडक अटळ झाली तर ब्रेक दाबून ठेवत सीटमध्ये खाली सरका आणि डोके दाराच्या बाजूला झुकवा. स्टिअरिंगवर छाती टेकवू नका, एअरबॅग तिथूनच उघडते.

कळप उभा दिसला तर तीस-चाळीस मीटर अलीकडे थांबा. दिवे डिपर, काचा वर, इंजिन चालू, हॉर्न नाही. झगझगीत उजेडात जनावराला काही दिसत नाही, म्हणूनच ते खिळून उभे राहते. दिवे उतरवले की बहुतेकदा आपणहून जाते. फ्लॅश मारून फोटो काढणाऱ्यांना काय म्हणावे!

प्रश्न : मोटारसायकलवर असताना डुक्कर आडवे आले तर काय करायचे? – एक वाचक, संगमेश्वर

दुचाकीवर जनावराच्या वजनापेक्षा तुमचे पडणे महत्त्वाचे. वळणात पुढचा ब्रेक जोरात धरला की चाक घसरते. म्हणून गाडी आधी सरळ उभी करा, मग दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा वाढत्या दाबाने. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसी व त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. त्याहून जुनी गाडी असेल तर मागचे चाक घसरेल हे धरूनच चालवा. नजर जनावरावर खिळवू नका, मोकळ्या जागेवर ठेवा. जिथे पाहाल तिथे गाडी जाते. पडलात तर हँडल सोडा, गाडीसोबत फरफटत जाऊ नका. थांबलात की तडक रस्त्याबाहेर व्हा.

हेल्मेट आयएसआय खुणेचे, हनुवटीचा पट्टा लावलेले हवे. मागे बसणाऱ्यालाही. रात्री तिघांनी बसून घाट उतरणाऱ्यांसाठी आमच्याकडे सल्ला नाही.

प्रश्न : धडक झाली. पहिल्या दहा मिनिटांत नेमके काय करायचे? – तीन पत्रांतून

पहिल्या धडकेतून वाचलेली माणसे दुसऱ्या धडकेत सापडतात. मागून येणाऱ्या ट्रकला तुमची विझलेली गाडी आणि रस्त्यावरचे जनावर, दोन्ही दिसत नाहीत. म्हणून गाडी हलत असेल तर पार्किंगचे चारही दिवे लावून ती डावीकडे पूर्ण बाहेर घ्या. हलत नसेल तर इंजिन बंद करा, दिवे चालू राहू द्या. पेट्रोल-डिझेलचा वास आला तर सगळे बंद करून लांब व्हा.

उतरायचे ते रस्त्याच्या बाजूने नाही, डाव्या दारातून, आणि उतरण्यापूर्वी बाहेर जनावर कुठे आहे ते पाहून. जखमी डुक्कर आणि बिबट्या यांच्याइतके धोकादायक दुसरे काही नाही. पाय मोडलेला रोहीसुद्धा लाथेने माणसाची फासळी मोडतो. जनावर जवळ असेल तर आतच बसून फोन करा. नसेल तर सगळ्यांना कठड्यापलीकडे, गाडीपासून मागे आणि दूर उभे करा. गाडीच्या पुढे उभे राहिलात तर मागून बसलेल्या धक्क्याने गाडी तुमच्यावरच येईल.

लाल त्रिकोण साध्या रस्त्यावर ५० मीटर मागे, द्रुतगती मार्गावर निदान १०० मीटर मागे. दुपदरी रस्ता असेल तर समोरच्या बाजूलाही काही तरी हवे. ठेवायला जाताना मोबाइलचा टॉर्च येणाऱ्या वाहनांकडे धरून, कडेकडेने जा.

फोन : माणूस जखमी असेल तर १०८ किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, क्रेन आणि गस्तीची गाडी त्यावरून येते. जनावरासाठी वनविभागाचा १९२६. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. ‘ढाब्याच्या पुढे’ असे सांगितले की अर्धा तास जातो.

जखमांचे थोडक्यात. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला हलवू नका, आग लागली किंवा वाहने अंगावर येत असतील तर मात्र ओढून बाहेर काढावेच लागेल. दुचाकीस्वार श्वास घेत असेल तर हेल्मेट काढू नका. डोळ्यांत काच गेली तर चोळू नका. पोटावर पट्ट्याचा निळा वळ उठला असेल तर ‘काही झाले नाही’ म्हणून घरी जाऊन झोपू नका, आत रक्तस्राव होत असू शकतो आणि तो काही तासांनी कळतो. डोक्याला लागलेल्याला पुढच्या दोन दिवसांत उलटी, गुंगी, बडबड सुरू झाली तर लगेच रुग्णालयात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याने तर त्याच रात्री तपासून घ्यावे. जनावर चावले, किंवा त्याची लाळ उघड्या जखमेवर पडली, तर वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी जा.

मदतीला थांबणाऱ्यांनी पोलिसांची धास्ती धरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीची सक्ती नाही.

प्रश्न : रेडिएटर फुटला होता, पण गाडी चालत होती. वीस किलोमीटर घरी आणली. आता विमा कंपनी इंजिनाचे पैसे देत नाही. – एक वाचक, भंडारा

देणारही नाही. धडकेने झालेले नुकसान आणि धडकेनंतर गाडी चालवल्याने झालेले नुकसान, सर्व्हेअर वेगळे मोजतो. बंपरमागे आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याला लागून रेडिएटर असतो. डुकराच्या धडकेतही तो फुटतो. कूलंट गेले की काही किलोमीटरमध्ये इंजिनाचे हेड तापून वाकते आणि गॅस्केट जळते. रेडिएटर काही हजारांचा, इंजिन लाखाच्या घरात.

गाडीखाली हिरवे किंवा गुलाबी पाणी दिसले, तापमानाचा काटा चढला, चाक फिरताना घासले किंवा स्टिअरिंग एकीकडे ओढू लागले, तर पुढे न्यायची नाही. बोनेटचे कुलूप वाकले असेल तर चालत्या गाडीत बोनेट उघडून काचेवर आपटते. विजेच्या गाडीत नारिंगी तारा उघड्या पडल्या असतील तर हातच लावू नका.

हलवण्यापूर्वी फोटो घ्या : जनावरासह गाडी, नंबरप्लेट, रस्ता, बंपरला चिकटलेले केस. केस पुसू नका, दाव्यात तोच पुरावा. विमा कंपनीला त्याच रात्री कळवा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर गाडीचे काहीच मिळणार नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मात्र वेगळा असतो, तो घेतलेला असेल तर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी लागू होतो.

प्रश्न : मेलेले डुक्कर गावकरी नेऊ लागले. अडवावे का? आणि गुन्हा आपल्यावर येतो का? – एक वाचक, पवनी

वाद घालून मार खाऊ नका, पण स्वतः हात लावू नका आणि गाडीत तर मुळीच टाकू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार मेलेले वन्य जनावर सरकारची मालमत्ता असते. ताब्यात आले तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. मांस नेणारा थेट गुन्ह्यात अडकतो. तुम्ही स्वतः कळवून थांबलात, वनरक्षकाच्या पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा आणि वेग नोंदले गेले, तर अपघात अपघातच राहतो. पळून गेलात आणि नंबर कॅमेऱ्यात सापडला तर मग समजावत बसा.

त्याच पंचनाम्याचा दुसरा उपयोग भरपाईसाठी. रत्नागिरी जिल्ह्यात २०१९ मध्ये रानडुकराशी मोटारसायकलची धडक होऊन एकाचा मृत्यू झाला. वनविभागाला ४८ तासांत कळवले नाही म्हणून शासनाने पत्नीला मदत नाकारली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १० लाख रुपये द्यायला लावले, पण त्यासाठी चार वर्षे गेली. तेव्हा घरच्यांपैकी कुणीतरी दुसऱ्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

प्रश्न : पुढे लोखंडी बुलबार बसवला तर? आणि ऑनलाइन मिळणाऱ्या हरणांना पळवणाऱ्या शिट्ट्या? – एक वाचक, यवतमाळ

बुलबार नको. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का खातो, बुलबार तो धक्का सरळ चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पोहोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही फसवतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना असे बार काढायला लावण्याच्या सूचना दिल्या आहेत, दंड होतो तो वेगळा. शिट्ट्यांचा काही उपयोग दिसून आलेला नाही. त्या पैशांत पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून घ्या आणि दिव्यांचा झोत गॅरेजमध्ये भिंतीवर लावून बसवून घ्या.