घरच्या वर्कशॉपमधले दोन छोटे एअर कॉम्प्रेसर एकत्र जोडता येतात का? प्रेशर दुप्पट होईल का?

जोडता येतात, पण प्रेशर वाढत नाही. वाढतो तो हवेचा पुरवठा, म्हणजे सीएफएम (दर मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते). सँडर किंवा स्प्रे गन चालवताना एक मशीन धापा टाकत असेल, तर दुसरं जोडून खरंच फरक पडतो.

दोन्ही टाक्यांच्या आउटलेटवर, रेग्युलेटरच्या (बाहेर जाणारं प्रेशर ठरवणाऱ्या भागाच्या) आधी, एकेक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हवा चालू-बंद करणारी तोटी, लावा. तिथून होज टी-जॉइंटमध्ये आणा आणि पुढे एकच रेग्युलेटर ठेवा. प्रत्येक मशीनचा स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी जाऊ न देणारा), प्रेशर स्विच (ठरलेल्या प्रेशरला मोटर चालू-बंद करणारा) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा प्रेशर बाहेर सोडणारा) शाबूत हवाच. टाक्या जोडल्या की दोन्हींत सारखंच प्रेशर असतं, त्यामुळे कमी प्रेशर सोसणाऱ्या टाकीची मर्यादा तीच सगळ्यांची मर्यादा. एक टाकी १२० पीएसआयची (पीएसआय हे प्रेशरचं एकक) आणि दुसरी १५० ची असेल, तर दोन्ही स्विच १२० च्या आतच बंद झाले पाहिजेत. इथे तडजोड नको, टाकी फुटली तर जीव जातो.

पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेसाठी अजिबात वापरू नका, फुटला की धारदार तुकडे उडतात.

आता वीज. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून दोघांना वेगवेगळे सर्किट द्या. शिवाय एक प्रेशर स्विच १०० पीएसआयला आणि दुसरा ९० ला चालू होईल असं सेट करा. हलक्या कामाला एकच मशीन पळेल, आणि काम चालू असताना दोन्ही एकदम सुरू होणार नाहीत.