पायथनच्या एकाच एक्स्टेन्शन मॉड्यूलमध्ये सी आणि सी प्लस प्लस फाइलींना वेगवेगळे कम्पायलर फ्लॅग कसे द्यायचे?

भाऊ, तुमचा प्रश्न जरा लांब आहे, म्हणून आधी मला काय समजलं ते सांगतो. वरुडकडच्या एका पॅकिंग शेडसाठी तुम्ही संत्र्याचं ग्रेडिंग करणारं पायथन मॉड्यूल लिहिलंय. त्यात वजनकाट्याशी बोलणारी एक जुनी सी फाइल आहे आणि फोटोतून रंग-आकार काढणाऱ्या दोन सी प्लस प्लस फाइली आहेत. ‘एक्स्ट्रा_कम्पाइल_आर्ग्स’मध्ये सी प्लस प्लस १७ चा फ्लॅग (कम्पायलरला द्यायची सूचना) टाकला की सी फाइल बोंबलते. रंगांचा तक्ता सीएसव्हीत आहे आणि कम्पाइल व्हायच्या आधी त्यावरून हेडर तयार व्हायला हवं. पुढे हेच विंडोजवरही द्यायचं आहे. आणि शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय, की लॅपटॉपवर छान चालणारं मॉड्यूल शेडमधल्या संगणकावर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतं. खरं तर त्या एका ओळीसाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो, पण क्रमाने जाऊ.

मी काटोल-नरखेड पट्ट्यात काट्यांचं आणि ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो, त्यामुळे तुमची मशीनं कशी असतील याचा अंदाज आहे. पूर्ण कोड इथे चिकटवत नाही. कुठल्या जागी हात घालायचा तेवढं सांगतो, नावं तुम्हाला सेटअपटूल्समध्ये (पायथन मॉड्यूल बांधणारं साधन) सापडतीलच.

‘एक्स्टेन्शन’ला (सेटअप फाइलीत मॉड्यूलच्या सोर्स फाइली सांगणारी नोंद) दिलेले फ्लॅग त्यातल्या प्रत्येक सोर्स फाइलला लागतात, फाइलवार वेगळे फ्लॅग द्यायची सोयच तिथे नाही. तणनाशकाचा पंप न धुता कपाशीवर मारावा तसा प्रकार आहे. जीसीसी हा कम्पायलर सी फाइलवर ‘एसटीडी=सी++१७’ दिसला की नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो, क्लँग हा दुसरा कम्पायलर मात्र सरळ एरर देऊन थांबतो. तुमची फाइल ‘बोंबलते’ म्हणजे नेमकं काय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती थांबत असेल तर तुम्ही क्लँग वापरत असणार.

यावर इंटरनेटवर सर्रास मिळणारं उत्तर असं: ‘बिल्ड_एक्स्ट’चा (एक्स्टेन्शन बांधणारी कमांड) सबक्लास करा, त्यात ‘सेल्फ.कम्पायलर’ची ‘_कम्पाइल’ मेथड पकडा, फाइलीचं शेपूट ‘.सी’ की ‘.सीपीपी’ ते पाहून फ्लॅग बदला आणि मूळ मेथडला पुढे पाठवा. लिनक्सवर हे चालतं. पण माझं मत विचाराल तर त्या नादी लागू नका. नावापुढची अंडरस्कोर उगाच नाही, ती आतली गोष्ट आहे आणि कुठल्याही आवृत्तीत बदलू शकते. शिवाय विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरसाठीचा क्लास या ‘_कम्पाइल’च्या वाटेने जातच नाही, त्याची स्वतःची ‘कम्पाइल’ मेथड आहे. म्हणजे तिथे तुमचा जुगाड ना एरर देणार ना लागू होणार, गपचूप बसून राहणार. हा मार्ग मी एकाच वेळी योग्य मानतो: सेटअपटूल्सला माहीतच नसलेला सोर्सचा प्रकार, म्हणजे उदाहरणार्थ कूडाच्या (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठीच्या) ‘.सीयू’ फाइली, एनव्हीसीसी या त्यांच्या कम्पायलरकडे वळवायच्या असतील तेव्हा.

तुमच्या कामाला सोपी वाट आहे. सी फाइल एक्स्टेन्शनमधून बाहेर काढा आणि ‘सेटअप’ला ‘लायब्ररीज’ या नावाने द्या. त्यात एका जोडीत लायब्ररीचं नाव आणि एक डिक्शनरी जाते. त्या डिक्शनरीत ‘सोर्सेस’, ‘इन्क्लूड_डर्स’, ‘मॅक्रोज’ आणि सेटअपटूल्समध्ये ‘सीफ्लॅग्ज’ ही की चालते. ‘बिल्ड_क्लिब’ ही कमांड त्याची स्टॅटिक लायब्ररी बांधते आणि ‘बिल्ड_एक्स्ट’ ती आपणहून एक्स्टेन्शनला जोडतं. सीचे फ्लॅग सीकडे राहिले, सी प्लस प्लसचे एक्स्टेन्शनकडे, आणि कम्पायलरच्या पोटात हात घालायची गरज पडली नाही. ‘एफपीआयसी’ची (शेअर्ड लायब्ररीत जोडण्याजोगा कोड बनवणाऱ्या फ्लॅगची) काळजी नको, लिनक्सवर या लायब्ररीच्या फाइलीही त्याच फ्लॅगने बांधल्या जातात.

यात अडखळायच्या जागा आहेत, त्या आत्ताच सांगून ठेवतो.

बाहेर सी फाइलच काढा, सी प्लस प्लसच्या नाही. लिंक करताना सी वापरायचा की सी प्लस प्लस, हे एक्स्टेन्शनमध्ये उरलेल्या सोर्सवरून किंवा ‘लँग्वेज’वरून ठरतं. उलटं केलंत तर लिंक सीच्या पद्धतीने होईल, सी प्लस प्लसची रनटाइम लायब्ररी जोडली जाणार नाही, आणि मॉड्यूल बांधलं जाईल पण इम्पोर्ट करताना ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येईल. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी बांधताना अपुरी सिम्बॉल्स चालवून घेतली जातात, म्हणून अशा सगळ्या चुका इम्पोर्टपर्यंत लपून राहतात. त्याच कारणाने काट्याच्या हेडरमध्ये ‘एक्स्टर्न सी’चा कंस (ही फंक्शनं सीची आहेत हे सी प्लस प्लसला सांगणारा) आहे का ते पाहून घ्या. जुन्या सी हेडरमध्ये तो बहुधा नसतोच.

दुसरं, ‘बिल्ड_एक्स्ट --इनप्लेस’ एकटं चालवलंत तर ते ‘बिल्ड_क्लिब’ चालवत नाही. आधी ‘बिल्ड_क्लिब’ आणि मग ‘बिल्ड_एक्स्ट’, अशा दोन्ही कमांड एकाच ओळीत द्या. पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) व्हील, म्हणजे बसवायला तयार पॅकेज, बांधताना हा क्रम आपोआप लागतो.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाते ती. एक्स्टेन्शन पुन्हा बांधायचं की नाही हे सेटअपटूल्स फक्त ‘सोर्सेस’ आणि ‘डिपेन्ड्स’ यांच्या तारखा पाहून ठरवतं. हेडर बदललं, फ्लॅग बदलले, काट्याची सी फाइल बदलली, आणि यातलं काही ‘डिपेन्ड्स’मध्ये नसेल, तर ते ‘अप टू डेट’ म्हणून पुढे निघून जातं. पिप २१.३ पासून, म्हणजे २०२१ पासून, बांधकाम तुमच्या मूळ फोल्डरमध्येच होतं. त्यामुळे जुनं ‘बिल्ड’ फोल्डर तिथेच पडून राहतं. म्हणून सगळी हेडर, ती सी फाइल आणि सीएसव्ही ‘डिपेन्ड्स’मध्ये लिहा. फ्लॅग बदलल्याचं तर तरीही कळणार नाही, तेव्हा ‘--फोर्स’ द्या किंवा ‘बिल्ड’ फोल्डर उडवा. बांधता बांधता लाइन गेली असेल तरी तेच करा. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल तारखेने नवीच दिसते, आणि मग लिंकर असं काही बोलतो की माणूस दिवसभर स्वतःच्याच कोडमध्ये शोधत बसतो.

हेडर तयार करायच्या पायरीसाठी मात्र ‘बिल्ड_एक्स्ट’चा सबक्लास हवाच. तो ‘सीएमडीक्लास’मधून द्या आणि ‘बिल्ड_एक्स्टेन्शन्स’ ही मेथड ओव्हरराइड करा. सीएसव्ही वाचा, हेडर ‘सेल्फ.बिल्ड_टेम्प’मध्ये लिहा, ते फोल्डर एक्स्टेन्शनच्या ‘इन्क्लूड_डर्स’मध्ये जोडा, आणि शेवटी ‘सुपर’ची तीच मेथड बोलवा. हेडर सोर्सच्या फोल्डरमध्ये लिहू नका. नाहीतर ते एक दिवस गिटमध्ये जातं आणि मग आंबिया बहाराचा तक्ता बदलला तरी मृग बहाराचे रंग चालू राहतात. हेडर बनवणारं फंक्शन वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवलं असेल तर अजून एक खोड आहे: ‘पायप्रोजेक्ट’ फाइलीत ‘सेटअपटूल्स.बिल्ड_मेटा’ लावलं असेल तर प्रोजेक्टचं फोल्डर पायथनच्या शोधवाटेवर नसतं, आणि सेटअप फाइलीतून स्वतःचीच स्क्रिप्ट इम्पोर्ट होत नाही. छोटं फंक्शन असेल तर ते सेटअप फाइलीतच लिहा. सीएसव्ही वाचायला पांडाज लायब्ररी लागत असेल, तर पिप वेगळ्या कोऱ्या वातावरणात बांधतो म्हणून ते ‘रिक्वायर्स’मध्ये लिहावं लागेल. पण पन्नास ओळींच्या तक्त्यासाठी पांडाज कशाला बाप्पा, पायथनचं स्वतःचं सीएसव्ही मॉड्यूल पुरे.

याच मेथडमध्ये विंडोजचाही प्रश्न सुटतो. फ्लॅग ऑपरेटिंग सिस्टीम पाहून ठरवू नका, ‘सेल्फ.कम्पायलर.कम्पायलर_टाइप’ पाहून ठरवा, कारण विंडोजवर मिनजीडब्ल्यूही (जीसीसीची विंडोज आवृत्ती) असू शकतो. तिथे ‘एमएसव्हीसी’ आलं तर स्लॅशवाले फ्लॅग, ‘युनिक्स’ किंवा ‘मिनजीडब्ल्यू३२’ आलं तर डॅशवाले. ही तपासणी ‘फायनलाइझ_ऑप्शन्स’मध्ये करू नका, तोवर कम्पायलरचा ऑब्जेक्ट तयार झालेला नसतो. ओपनएमपी (एकाच वेळी अनेक कोअर वापरायची सोय) वापरत असाल तर जीसीसीसाठी ‘एफओपनएमपी’ कम्पाइल आणि लिंक दोन्हीकडे द्यायचा. नुसता कम्पाइलला दिला तर पुन्हा इम्पोर्टच्या वेळी रडारड. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरला कम्पाइलचा फ्लॅग पुरतो.

आता शेडमधला संगणक. मोसमात संत्र्याच्या गाड्या उभ्या असताना शेडवाल्याचा फोन येतो, “कालवरी त चालत होतं, आज काहून बंद पडलं?” आणि तेव्हा कम्पायलरचा फ्लॅग समजावून सांगता येत नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या फ्लॅगमध्ये ‘मार्च=नेटिव्ह’ असणार. सेटअप फाइलीत दिसला नाही तर ‘बॅशआरसी’त ‘सीफ्लॅग्ज’ पाहा. वातावरणातला तो व्हेरिएबल सेटअपटूल्स न विचारता उचलतं, आणि पिपचं वेगळं वातावरणही त्याला अडवत नाही.

‘नेटिव्ह’ म्हणजे ज्या मशीनवर बांधताय तिच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर. तुमच्या लॅपटॉपला एव्हीएक्स२ (जलद गणिताच्या सूचनांचा संच) येतं. इंटेलने ते २०१३ मध्ये हॅसवेल पिढीत आणलं, पण त्यानंतरच्याही कितीतरी पेन्टियम आणि सेलेरॉन चिपमध्ये ते नाही, आणि आपल्याकडच्या शेडमध्ये, जिनिंगमध्ये, काट्याच्या खोलीत तेच संगणक असतात. तिथे जाऊन ‘प्रोक’मधल्या ‘सीपीयूइन्फो’त ‘एव्हीएक्स२’ आहे का ते पाहा. नसेल तर निदान पक्कं समजा.

उपाय म्हणजे ‘नेटिव्ह’ काढून ‘एक्स८६-६४-व्ही२’ द्या. जीसीसी ११ पासून हे नाव चालतं. यात एसएसई ४.२ पर्यंतच्या सूचना येतात, आणि आज कुठल्याही शेडमध्ये चालू असलेल्या बहुतेक मशीनना त्या समजतात. वेग कमी पडला तर फक्त रंग मोजणाऱ्या त्या एका फंक्शनवर जीसीसीचं ‘टार्गेट_क्लोन्स’ लावा, ‘एव्हीएक्स२’ आणि ‘डिफॉल्ट’ अशा दोन नावांनी. कम्पायलर दोन प्रती बनवतो आणि चालताना प्रोसेसर पाहून योग्य ती निवडली जाते. हे लिनक्सवर जीलिबसीच्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आधाराने चालतं, त्यामुळे विंडोजच्या आवृत्तीत ते ‘इफडेफ’खाली झाका.

हे सुटलं की बहुतेक पुढची एरर ‘जीलिबसी’ची आवृत्ती सापडत नाही अशी येईल, कारण लॅपटॉपवरचं उबुंटू नवं आणि शेडमधलं जुनं. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलटं चालतं. सरळ मार्ग म्हणजे मॅनीलिनक्स२०१४ च्या कंटेनरमध्ये (जुन्या लिनक्सवरही चालणारी व्हीलं बांधायचं तयार वातावरण) बांधणं. तो सेंटओएस ७ वर उभा आहे आणि त्यातलं जीलिबसी २.१७ आहे. फक्त त्यातला जीसीसी १० आहे, तो ‘एक्स८६-६४-व्ही२’ हे नाव ओळखत नाही, म्हणून तिथे त्याऐवजी ‘एमएसएसई४.२’ द्या. मग ‘ऑडिटव्हील’ने व्हील दुरुस्त करून घ्यायचं, म्हणजे ओपनएमपीची लायब्ररीसुद्धा आत येते. कंटेनरची इमेज मोठी असते. मोबाइलच्या नेटवर ती ओढत बसण्यापेक्षा तालुक्याला कुणाच्या फायबरवर एकदा उतरवून ठेवा.

आणि शेडमध्ये सोर्स नेऊन तिथे बांधायचा विचारही करू नका. तिथे कम्पायलर नसतो, आणि पिपला कोरं वातावरण उभं करायला सेटअपटूल्स नेटवरून हवं असतं. बांधलेलं व्हील आणि त्याला लागणारी बाकीची व्हीलं पेनड्राइव्हवर न्या. तिथे पिपला ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स’ देऊन पेनड्राइव्हचं फोल्डर दाखवा. फक्त शेडमधल्या पायथनची आवृत्ती आधी विचारून घ्या, व्हील ३.१० साठी बांधलेलं असेल तर ते ३.८ वर बसत नाही.

कुणीतरी खाली मेसॉन-पायथन किंवा सायकिट-बिल्ड-कोर ही सेटअपटूल्सऐवजीची साधनं सुचवेलच. वाईट नाहीत. सायपाय २०२२ मध्ये आणि नमपाय २०२३ मध्ये १.२६ पासून मेसॉनकडे गेलं, त्यांना कारणं होती. तीन फाइलींसाठी मी जाणार नाही. पण ‘डिस्टयूटिल्स’ (सेटअपटूल्सच्या आधीचं बांधणीचं साधन) थेट इम्पोर्ट करणारी जुनी उत्तरं उतरवू नका. पायथन ३.१२ पासून ते मूळ लायब्ररीतून काढलंय, आता सेटअपटूल्स त्याची प्रत स्वतःजवळ बाळगतं. जे हवं ते सेटअपटूल्समधूनच इम्पोर्ट करा.

एवढं करूनही अडलं तर पिपला दोनदा ‘-व्ही’ देऊन बांधा आणि कम्पायलरला गेलेल्या ओळी प्रश्नात जोडा, काट्याच्या फाइलीची एक, सी प्लस प्लसची एक आणि लिंकची एक. सोबत शेडमधल्या संगणकाच्या ‘सीपीयूइन्फो’तली ‘फ्लॅग्ज’ची ओळही टाका.